जाणाऱ्यानं हरून जावं का?

आमचा सहा जणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो, तेच सहा जण. आता एकाला दोन मुलं आहेत, एक दुबईत आहे, बाकीचे पुणे-मुंबईत विखुरलेत. पण कुठलाही मोठा शो असला की आदल्या रात्री प्रत्येकानं आपापले अंदाज टाकायचे, हा नियम अजून मोडलेला नाही. कोण जिंकणार एवढंच लिहायचं. सगळ्यात जास्त चुकेल त्यानं पुढच्या भेटीत सगळ्यांच्या मिसळीचे पैसे द्यायचे.

घरी यावरून चेष्टा होते. “ते सगळं आधीच ठरलेलं असतं ना? मग अंदाज कसला लावता?” असं बायको विचारते. खरं तर ठरलेलं असतं म्हणूनच अंदाज लावण्यात मजा आहे. क्रिकेटमध्ये तुम्ही पिच बघता, फॉर्म बघता. इथं ज्यानं निकाल लिहिलाय त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते ओळखायचं असतं. आणि त्यासाठी सगळ्यात भरवशाची खूण कुठली, तर करार. कोणाचा करार संपत आलाय, कोण दुसऱ्या कंपनीत चाललाय, कोण निवृत्त होतोय. एकदा ते कळलं की बाकी विचार करायची फारशी गरज नसते. जाणारा हरतो.

डिसेंबर २०२५मध्ये जॉन सीनाची शेवटची लढत होती. समोर गुंथर. मी नेहमीच्या हिशेबानं ‘गुंथर’ लिहून मोकळा झालो. त्यावर दुबईवाल्या मित्रानं लिहिलं, “अरे, वीस वर्षं राबला तो. निदान शेवटच्या दिवशी तरी जिंकू द्या त्याला.” त्याला उत्तर म्हणून मी एक हसरा चेहरा टाकला. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. जाणाऱ्यानं हरून जावं हा नियम मी लहानपणापासून धरून चाललोय. तो न्यायाचा आहे का, हे मात्र कधी तपासलं नव्हतं.

हा प्रश्न माझ्यासाठी कुस्तीपुरता नाही. २०२१मध्ये मी एक नोकरी सोडली, तेव्हा जाताना मी हरायला नकार दिला होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

०००

आधी हा नियम आला कुठून ते बघू.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातले. तरुणपणी तालमीत घुमलेले. आमच्या घरी केबल आली तेव्हा तेही आमच्याबरोबर अंडरटेकर, ब्रेट हार्ट बघायला बसायचे. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी निकाल देऊन टाकला : “नुरा कुस्ती आहे ही.” आपल्याकडे आतून संगनमत करून लढलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. मला वाटलं, आता टीव्ही बंद होणार. पण आजोबा बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “वरचा नाही रे, खालचा पैलवान भारी आहे. बघ, पडतोय कसा.”

त्या वेळी मला ते कळलं नाही. आता वाटतं, या खेळाचं सगळं मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. मातीतल्या कुस्तीत हरणारा शेवटपर्यंत न हरायची धडपड करतो. इथं मात्र हार ही हरणाऱ्यानं केलेली मेहनत असते. समोरच्यानं उचलायचं ठरवलं तर याला अंग हलकं करून उडी घ्यावी लागते. पडताना दोघांचीही मान सांभाळावी लागते. मार लागला असा विश्वास हजारो लोकांना बसवावा लागतो. जिंकणारा किती भयंकर दिसेल, हे हरणारा ठरवतो. अमेरिकन कुस्तीच्या धंद्यात हरण्याला शब्दही तसाच आहे, ‘जॉब’. आज तू जॉब करायचास, म्हणजे आज तू हरायचंस.

म्हणजे इथं जिंकणं ही ताकदीची पावती नसते. ती पत असते, आणि ती समोरच्यानं हरून दिल्याशिवाय मिळत नाही. ३ एप्रिल २००५ला रेसलमेनिया २१मध्ये जेबीएल हरला आणि जॉन सीना पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. जेबीएलनं त्याआधी नऊ महिने तो पट्टा सांभाळला होता, प्रेक्षकांचा राग ओढवून घेतला होता. ते सगळं एका रात्रीत त्यानं सीनाच्या हवाली केलं. सीनाकडे जी पत पुढची वीस वर्षं होती, तिचं बियाणं असं दुसऱ्यांच्या हरण्यातून आलेलं होतं.

यातूनच तो रिवाज निघाला. तू जाणार असशील तर तुझी पत बरोबर नेऊ नकोस. ती तुला इथल्याच लोकांनी दिलीय, ती इथं राहणाऱ्या कुणाला तरी देऊन जा. इंग्रजीत याला पाठीवर पडून जाणं म्हणतात. आपल्याकडे पाठ टेकली म्हणजे संपलं, नामुष्की. तिकडे जाणाऱ्यानं पाठ टेकवूनच बाहेर पडावं, हा धंद्याचा शिष्टाचार आहे.

इथपर्यंत मला हा नियम फार सुंदर वाटतो. कोणीतरी तुझ्यासाठी पडलं होतं, आता तू कोणासाठी तरी पड. अडचण तेव्हा येते, जेव्हा या दोघांच्या मधे तिसरा उभा राहतो.

०००

तो तिसरा म्हणजे मालक.

१९९५ साली अमेरिकेत कुस्तीच्या दोन मोठ्या कंपन्या होत्या, विन्स मॅकमॅनची डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि टेड टर्नरच्या पैशावर चालणारी डब्ल्यूसीडब्ल्यू. त्या वर्षी ४ सप्टेंबरला डब्ल्यूसीडब्ल्यूनं ‘नायट्रो’ हा नवा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्याच भागात लेक्स लुगर चालत आला. आदल्या रात्री तो डब्ल्यूडब्ल्यूएफच्या शोमध्ये खेळला होता. डिसेंबरमध्ये आणखी मोठा धक्का बसला. अलुंड्रा ब्लेझ या नावानं डब्ल्यूडब्ल्यूएफची महिला चॅम्पियन असलेली मडुसा नायट्रोवर आली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचा पट्टा तिनं कॅमेऱ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ही भीती मनात घेऊन मॅकमॅन ९ नोव्हेंबर १९९७च्या मॉन्ट्रियलमधल्या सर्व्हायव्हर सिरीजपर्यंत पोचला. चॅम्पियन होता ब्रेट हार्ट. त्याला कंपनीनं वर्षभरापूर्वी २० वर्षांचा करार दिला होता. मग पैशाची ओढाताण सुरू झाली आणि मॅकमॅननंच त्याला सांगितलं, हा करार मला झेपणार नाही, तू दुसरीकडे बोलणी कर. म्हणजे ब्रेट स्वतःहून पळून चालला नव्हता. त्यानं डब्ल्यूसीडब्ल्यूशी करार केला. आता पट्टा सोडायचा होता, आणि समोर होता शॉन मायकल्स. दोघांचं खरोखरीचं वाकडं होतं.

ब्रेट म्हणत होता, मी हरतो, पण कॅनडात, माझ्या लोकांसमोर, या माणसाकडून नाही. दुसरीकडे कुठेही हरवा, नाहीतर पट्टा मी स्वतः उतरवून ठेवतो. जाण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसांत आपल्या पात्राचं काय करायचं यात आपला शब्द चालेल, अशी अटही त्याच्या करारात होती. शेवटी लढत गोंधळात संपवायची, निकाल लावायचा नाही, असं दोघांचं ठरलं.

प्रत्यक्षात लढतीच्या मध्येच शॉननं ब्रेटचाच ‘शार्पशूटर’ हा डाव ब्रेटवर लावला. रिंगच्या कडेला उभ्या असलेल्या मॅकमॅननं घंटा वाजवायला लावली. ब्रेटनं हार मानली नव्हती. पंच अर्ल हेबनर लगेच पळाला. काय झालं ते कळल्यावर ब्रेट मॅकमॅनच्या तोंडावर थुंकला, हवेत बोटानं ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ अशी अक्षरं काढली, आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्यानं मॅकमॅनला ठोसा लगावला. तो ठोसा खरा होता.

गेली २८ वर्षं कुस्तीवेडे यावर भांडतायत. ब्रेटनं अहंकार केला की मॅकमॅननं दगा दिला? मी शाळेत असल्यापासून ब्रेटच्या बाजूनं. पण इथं मला मॅकमॅनचीही बाजू मांडायला हवी. त्याच्याकडे मडुसाचा ताजा अनुभव होता. कंपनीत शेकडो लोकांचं पोट होतं. चॅम्पियन पट्ट्यासकट शत्रूच्या स्टुडिओत दिसला असता तर नुकसान फक्त मालकाचं झालं नसतं. आणि ब्रेटनं हे ओळखायला हवं होतं की जिथं हरायला सगळ्यात जड जातं, तिथल्याच हरण्याला सगळ्यात जास्त किंमत असते.

तरीही मॅकमॅननं केलं ते चूकच, आणि ते का चूक हे शॉन मायकल्सकडे पाहिलं की कळतं. त्या रात्री त्याला पट्टा मिळाला. पत मिळाली का? नाही. कॅनडात तो पुढे कितीतरी वर्षं शिव्या खात राहिला. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं त्यानं त्या वेळी सांगितलं आणि पुढे ते खोटं होतं हे कबूल केलं. हरण्यातून जी गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते ती फक्त देता येते. घेता येत नाही. हिसकावलेल्या हारेत हातात येतो तो नुसता चामड्याचा पट्टा.

माझ्यापुरता पहिला निष्कर्ष हा : जाणाऱ्यानं हरून जावं, पण त्याला हरवून पाठवायचा हक्क मालकाला नाही.

०००

दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो. कंपनी जर जाणाऱ्याशी नीट वागत नसेल, तर त्यानं तरी का द्यावं?

डब्ल्यूडब्ल्यूईचे कुस्तीगीर कागदोपत्री कंपनीचे नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. पण हे ‘स्वतंत्र’ लोक दुसऱ्या कंपनीत मनाप्रमाणे खेळू शकत नाहीत, आणि काढून टाकल्यावरही मुख्य रोस्टरवरच्या बहुतेकांना ९० दिवस घरी बसावं लागतं. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना हा ९० आकडा ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की आपण ते दिवस ऑफिसात काढतो.

१५ एप्रिल २०२०ला, साथीच्या ऐन सुरुवातीला, डब्ल्यूडब्ल्यूईनं एका दिवसात वीसहून जास्त जणांना काढलं. त्यात ड्रेक मॅव्हरिक नावाचा एक बुटका इंग्लिश कुस्तीगीर होता. त्यानं रडत रडत एक व्हिडिओ टाकला. गंमत अशी, की एका स्पर्धेत त्याचं नाव आधीच जाहीर झालं होतं. मग काढून टाकलेला माणूस त्या स्पर्धेत खेळला. अंतिम फेरीपर्यंत गेला आणि ३ जूनला एल इहो देल फँटास्मा या नव्या माणसाकडून हरला. नियमाप्रमाणेच. हरल्यावर ट्रिपल एच नवा करार घेऊन बाहेर आला. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचे डोळे पाणावले होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पुन्हा काढलं. ती बातमी आमच्यापैकी एकानेच टाकली, त्यावर कोणी काही लिहिलं नाही.

ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. आपण जे पाहून रडलो ते काय होतं? एका माणसाचं खरोखर पोट तुटलं होतं, आणि कंपनीनं त्याचंच कथानक केलं. तो हरला ती लढत मात्र खोटी नव्हती, म्हणजे त्यातली मेहनत खोटी नव्हती. समोरच्या नव्या माणसाला त्यानं पूर्ण दिलं.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. ९ डिसेंबर २०१७ला डब्ल्यूडब्ल्यूई दिल्लीत आली. जिंदर महाल तोपर्यंत सहा महिने चॅम्पियन राहून चुकला होता, महिनाभर आधी मँचेस्टरमध्ये एजे स्टाइल्सकडून हरला होता. दिल्लीत समोर ट्रिपल एच. आम्ही सहाच्या सहा जणांनी जिंदर लिहिलं. आपल्या लोकांसमोर तरी जिंकवतील. ट्रिपल एच जिंकला. नंतर दोघं रिंगमध्ये भांगडा नाचले, लोक खूश झाले. ट्रिपल एच तेव्हा क्वचितच खेळायचा, कंपनीत मोठ्या पदावर होता. त्याला त्या विजयाची काय गरज होती? जिंदरचा जन्म कॅल्गरीचा. म्हणजे ब्रेट हार्टच्याच गावचा. घरच्यांसमोर हरणार नाही असं एकानं म्हटलं तर त्याला फसवून हरवलं. दुसरा मुकाट हरला आणि नाचलाही. एप्रिल २०२४मध्ये त्यालाही काढलं. त्याच दिवशी त्याचे भारतीय जोडीदार वीर आणि संगा यांनाही.

हरण्याची परीक्षा कशी करावी हे मला दिल्लीनं शिकवलं. हरणाऱ्यानं सोडलेली गोष्ट कोणाच्या हातात पडली? ती गरजवंताला मिळाली असेल तर ते देणं. आधीच भरलेल्या खिशात गेली असेल तर ती नुसती वसुली.

०००

आता माझी गोष्ट.

२०२१मध्ये मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. परदेशी गिऱ्हाइकाची बिलं काढणारी यंत्रणा आम्ही सांभाळायचो. त्या वर्षी आमच्या टीममधल्या चौघांना एका दुपारी व्हिडिओ कॉलवर सांगून काढलं. त्यातला एक माझा जवळचा मित्र होता. मी त्याच महिन्यात राजीनामा टाकला. नोटिसच्या काळात मला माझं काम एका मुलाला शिकवायला सांगितलं. तो लागून नऊ महिने झाले होते. मला ‘दादा’ म्हणायचा.

मी काहीच बेकायदा केलं नाही. कागदावर जेवढं मागितलं होतं तेवढं सगळं लिहून दिलं. फक्त महिनाअखेरच्या कामातली एक मेख मी सांगितली नाही. गिऱ्हाइकाची फाइल चुकीच्या तारखेची आली तर एक पायरी हातानं करावी लागायची. ती कुठे लिहिलेली नव्हती, माझ्या डोक्यात होती. मला ती कोणी विचारली नाही. माझ्या मनातलं वाक्य मला स्वच्छ आठवतं : बघू दे यांना, माझ्याशिवाय कसं चालतं ते.

मी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात महिनाअखेर आली. रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. मी जागा होतो. त्याचं नाव बघितलं आणि फोन उपडा ठेवला. चार मिस्ड कॉल होते. सकाळी मी मेसेज टाकला, “झोपलो होतो रे, झालं का?” तो म्हणाला, “झालं दादा.” झालं नव्हतं. चुकीची बिलं गेली होती. त्याच्यावर ठपका आला, त्याला सुधारणेची मुदत देणारं पत्र मिळालं आणि दोन-तीन महिन्यांत तो बाहेर पडला. हे मला खूप नंतर कळलं. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “तुमचं काय त्यात दादा, मलाच आलं नाही.”

कंपनीला मी जो फटका मारला होता तो कंपनीला लागलाच नाही. गिऱ्हाइकाची माफी मागितली गेली, बिलं दुरुस्त झाली, काम चालू राहिलं. रिंगमध्ये कंपनी कधी उतरतच नाही. समोर असतो तो आपल्यासारखाच पोटासाठी आलेला कोणीतरी. मी ब्रेट हार्ट व्हायला गेलो होतो, पण माझ्यापुढे मॅकमॅन नव्हता. नऊ महिन्यांचा अनुभव असलेला एक पोरगा होता.

०००

इथं तुम्ही एक आक्षेप घ्याल, आणि तो रास्त आहे. कंपन्यांना हेच तर हवं असतं. मालकावर तुमचा राग आहे हे त्यांना माहीत असतं, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसावर राग नाही हेही माहीत असतं. मग त्या मायेच्या जिवावर ते तुमच्याकडून सगळं काढून घेतात. ‘टीमचा विचार कर’ म्हणतात आणि टीममधल्या चौघांना दुपारी कॉलवर काढतात. सहकाऱ्याबद्दलचं कर्तव्य मान्य केलं की मालकाचं फावतं, हे खरं आहे.

यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण कुस्तीतलाच एक प्रसंग इथं कामाला येतो. १९ मे १९९६ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केविन नॅश आणि स्कॉट हॉल यांचा डब्ल्यूडब्ल्यूएफमधला शेवटचा दिवस होता. दोघं डब्ल्यूसीडब्ल्यूत चालले होते. हॉल हरला ट्रिपल एचकडून, नॅश हरला शॉन मायकल्सकडून. रिवाज पुरा झाला. आणि मग हे चौघं मित्र, पडद्यावरचे शत्रू, सगळ्या प्रेक्षकांसमोर रिंगमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडले. तेव्हा पात्रांचं वैर मोडून दाखवणं हे पाप समजलं जायचं. जाणारे तर गेलेच होते आणि शॉन चॅम्पियन होता, म्हणून शिक्षा झाली ती एकट्या ट्रिपल एचला. त्या वर्षीची किंग ऑफ द रिंग स्पर्धा त्याला जिंकवायचं घाटत होतं, ती संधी गेली स्टीव्ह ऑस्टिनला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

त्या चौघांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. पाठ टेकवली ती धंद्याचा रिवाज म्हणून, आणि राहणाऱ्यासाठी. मिठी मारली ती एकमेकांना, कंपनीला न विचारता. कंपनीला त्यांचं हरणं चाललं, मिठी चालली नाही. मला वाटतं, जाणाऱ्यानं हे दोन हिशेब असेच वेगळे ठेवावेत. मालकाला करारात आहे तेवढं द्यावं, पैसे-तारखा चोख मागून घ्याव्यात, ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत. लढायचं असेल तर मालकाशी समोरासमोर लढावं. आणि जो मागे राहणार आहे त्याला मात्र कागदाबाहेरचंही द्यावं, कारण आपल्याला जे येतं त्यातलं निम्मं कोणीतरी असंच कागदाबाहेर दिलेलं असतं.

मालकाचं त्यात फावेल? थोडं फावेल. पण ते टाळण्यासाठी मी फोन उपडा ठेवला होता, आणि त्याची किंमत कोणी दिली ते मी वर लिहिलंय.

०००

१३ डिसेंबर २०२५ला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी, सीनाची शेवटची लढत झाली. वॉशिंग्टनमध्ये. त्या रात्रीच्या बाकीच्या लढतींत नव्या पोरांना मोठ्या नावांसमोर उभं केलं होतं. ओबा फेमीसमोर कोडी रोड्स, सोल रुकासमोर बेली. कोडी तोच, जो २०१६मध्ये वैतागून डब्ल्यूडब्ल्यूई सोडून गेला, बाहेर स्वतःची पत कमावली आणि २०२२मध्ये मोठा होऊन परत आला. जाणं म्हणजे नेहमी संपणं नसतं, हेही त्याच रिंगमध्ये हजर होतं.

शेवटी गुंथरनं गळा आवळला आणि सीनानं थाप मारली. कधीही हार मानू नका, असं लिहिलेले टी-शर्ट ज्याच्या नावावर खपले, त्या माणसानं हार मानली. प्रेक्षक चिडले. ट्रिपल एचवर ओरडले. आमच्या ग्रुपवर दुबईवाल्यानं लिहिलं, “तू बरोबर आलास. मिसळ लखलाभ.” पाच मिनिटांनी त्याचा आणखी एक मेसेज आला : “पण गुंथरला काय मिळालं? शिव्या?”

खरंय. देणं नेहमी लगेच दिसत नाही. घेणाऱ्याला कधीकधी आधी शिव्याच मिळतात. ते फुकट गेलं की रुजलं, हे पुढची काही वर्षं सांगतील, आणि ते पाहायला सीना रिंगमध्ये नसेल. मला वाटतं, जाताना दिलेल्या गोष्टीची हीच अट असते.

सध्या मी पुन्हा नोटिसवर आहे. ९० दिवसांतले ७१ झाले. या वेळी माझं काम घेणारी मुलगी माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. गेल्या गुरुवारी गिऱ्हाइकाचा कॉल होता. ते काय विचारणार हे मला ठाऊक होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून उत्तर पक्कं केलं होतं. कॉलवर त्यांनी सवयीनं माझंच नाव घेतलं. मी म्हणालो, “याबद्दल आता माझ्यापेक्षा यांना जास्त माहीत आहे,” आणि माइक बंद केला. ती एके ठिकाणी अडखळली. मला उत्तर येत होतं, हात माइककडे गेलाही होता. मग तिचं तिनंच सावरलं.

नुरा कुस्तीच होती ती. आजोबा असते तर त्यांनी ओळखली असती.

पुढच्या शोचे अंदाज शनिवारी रात्री टाकायचे आहेत. या वेळी मी नावापुढे एक वाक्य जोडणार आहे : हरणारा हरला तर ते कोणाच्या पदरात पडेल. कारणं कोणी वाचत नाही, हे माहीत आहे. तरी लिहिणार आहे.